एल, तोरू आणि कुत : प्राचीन तुर्की राज्यविचारातील तीन संज्ञा

एका भाषेतील राजकीय संज्ञा दुसऱ्या भाषेत नेताना जी हानी होते ती बहुधा अनुवादकाच्या लक्षात येत नाही, कारण अनुवाद सफाईदार झालेला असतो. प्राचीन तुर्की शिलालेखांच्या बाबतीत असे वारंवार घडले आहे. 'एल' या शब्दाला कोणी 'राज्य' म्हटले, कोणी 'साम्राज्य', तर विसाव्या शतकातील काही अभ्यासकांनी थेट 'राष्ट्र' असे भाषांतर केले. 'तोरू'ला कधी 'कायदा', कधी 'रूढी', तर कधी 'संस्था' असा प्रतिशब्द मिळाला. 'कुत' हा शब्द 'दैव' आणि 'दैवी अधिकार' यांच्यामध्ये हेलकावे खात राहिला. या प्रतिशब्दांपैकी प्रत्येकामागे राज्यसंस्थेची एक आधीच बनलेली कल्पना उभी असते आणि ती नकळत मूळ लेखावर लादली जाते. म्हणून तुर्की परंपरेत सत्ता कशाला म्हणत, ती कोठून येते असे मानीत आणि कशामुळे जाते असे समजत, हे पाहावयाचे तर या संज्ञांचा मूळ लेखांतील वापर तपासणे हाच विश्वसनीय मार्ग होय.

१. साधने

तुर्कांचे पहिले कागानपद इ. स. ५५२ मध्ये बुमिन याने ज्वान्ज्वान सत्तेचा पराभव करून स्थापन केले. पश्चिमेकडील प्रदेश त्याचा भाऊ इस्तेमी याच्याकडे होता. या पहिल्या सत्तेचा पूर्व विभाग ६३० मध्ये चीनच्या तांग घराण्याच्या अधीन झाला. सुमारे ५० वर्षांच्या पारतंत्र्यानंतर ६८२ मध्ये इल्तेरिश कागानाने सत्तेची पुनःस्थापना केली. तिचा शेवट ७४५ पर्यंत उइगुरांच्या उदयाबरोबर झाला. मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यात उभे असलेले क्यूल तेगिन (७३२) व बिल्गे कागान (७३५) यांचे स्मृतिस्तंभ, तसेच आजच्या उलानबाटरजवळील मंत्री तोन्युकुक याचा लेख, ही याच दुसऱ्या कालखंडातील साधने होत.

रशियन संशोधक याद्रिन्त्सेव याने १८८९ मध्ये ओर्खोन येथील स्तंभ उजेडात आणले, आणि डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन याने १८९३ च्या डिसेंबरात त्यांची लिपी उलगडली. त्याने प्रथम ओळखलेल्या शब्दांत 'तेंग्री' (आकाश, आकाशदेव), 'क्यूल तेगिन' आणि 'तुर्क' हे होते. या लिपीत अनेक व्यंजनांना दोन-दोन चिन्हे आहेत : एक पश्च स्वरांबरोबर येणारे व दुसरे अग्र स्वरांबरोबर येणारे. तुर्कीतील स्वरसंवाद लिपीतच असा नोंदला गेला आहे. देवनागरीत हा भेद दाखविता येत नाही. त्यामुळे येथे 'तोरू' असे लिहिलेल्या शब्दातील दोन्ही स्वर मूळात अग्र व गोलोष्ठ आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

या लेखांना दोन ग्रंथांची जोड द्यावी लागते. बालासागुनचा यूसुफ याने १०६९-७० मध्ये काराखानी सत्तेच्या आश्रयाने रचलेला 'कुतद्गु बिलिग' हा सहा हजारांहून अधिक द्विपदींचा राजनीतिपर काव्यग्रंथ हा पहिला, आणि महमूद काश्गरी याने त्याच दशकात बगदाद येथे अरबीतून सिद्ध केलेला तुर्की भाषेचा कोश हा दुसरा. लेख आणि ग्रंथ यांत सुमारे साडेतीन शतकांचे अंतर आहे, आणि मध्यंतरी इस्लामचा स्वीकार झालेला आहे. तरीही वरील तीनही संज्ञा दोन्हींकडे आढळतात.

२. एल : वस्तू नव्हे, कृती

'एल' या शब्दाने भूमीचा बोध होतो की लोकांचा, हा वाद जुना आहे. शब्दकोशातील नोंदीपेक्षा त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. शिलालेखांत एल 'धरला' जातो (तुत-), 'रचला' जातो (इत-), कष्टाने 'मिळविला' जातो (काझ्गान-). तेंग्री एल 'देतो' (बेर-), आणि लोक तो हातून 'निसटू देतात' (इच्गिन-). इतकेच नव्हे, तर 'एल'ला नामधातूचा प्रत्यय लागून 'एल करणे, एल म्हणून नांदणे' अशा अर्थाचे क्रियापदही सिद्ध होते. याउलट अभावदर्शक प्रत्यय लावून 'एलसिरे-' म्हणजे 'एलविहीन होणे' आणि 'कागान्सिरा-' म्हणजे 'कागानविहीन होणे' अशी रूपे बनतात. त्यांची प्रयोजकरूपेही आहेत : ज्याच्याजवळ एल आहे त्याला एलविहीन करणे हे विजेत्याचे कर्तृत्व म्हणून सांगितले जाते.

या व्याकरणातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. भूमी जागच्या जागी असताना आणि माणसे जिवंत असतानाही एल नाहीसा होऊ शकतो. ६३० ते ६८२ या काळात तुर्क लोक होते, त्यांचे कळप होते, त्यांच्यातील अनेकजण पूर्वीच्याच कुरणांच्या आसपास राहत होते. पण लेखांच्या दृष्टीने ते एलविहीन होते. तेव्हा एल म्हणजे प्रदेशही नव्हे आणि केवळ लोकसमूहही नव्हे. लोकसमूहासाठी 'बोदुन' हा निराळा शब्द आहेच. विखुरलेल्या बोदुनांना एका अधिकाराखाली एकत्र ठेवणारी व्यवस्था, आणि ती व्यवस्था सतत चालू ठेवण्याचे कार्य, असा एलचा अर्थ करावा लागतो. 'इल्तेरिश' या राजनामाची फोडही हेच सांगते : 'तेर-' म्हणजे गोळा करणे, आणि इल्तेरिश म्हणजे एल गोळा करणारा. प्रारंभी १७, मग ७० आणि शेवटी ७०० माणसे त्याच्याभोवती जमली, असा तपशील लेखांत आहे. राज्याचा आरंभ येथे भूमी जिंकण्याने होत नसून माणसे जमण्याने होतो.

स्थळाला मात्र या कल्पनेत महत्त्व नव्हते असे नाही. ओत्युकेन हा अरण्यमय पर्वतप्रदेश एल धरून ठेवण्याचे स्थान मानला गेला आहे. तेथे राहून दूरवर व्यापारी तांडे पाठवावेत, दक्षिणेस चीनच्या निकट वस्ती करू नये, असा बिल्गे कागानाचा उपदेश आहे. ओत्युकेन ही अर्थात सीमांनी आखलेली मायभूमी नव्हे. तो सत्तेचा केंद्रबिंदू आहे.

एलचा आणखी एक अर्थ काश्गरी नोंदवितो : दोन राजांमधील सलोखा. पुढे मंगोल काळात 'इल होणे' म्हणजे शरण येऊन शांततेत सामील होणे असा वापर रूढ झाला, आणि बंडखोर असणे ही त्याच्या विरुद्ध अवस्था ठरली. सत्तेखालील व्यवस्था आणि शांतता या दोन कल्पना एकाच शब्दात नांदाव्यात, हे वरील विवेचनाशी सुसंगत आहे.

३. तोरू : राजाच्या आधीचा नियम

ओर्खोन लेखांतील प्रास्ताविक कथनात निळे आकाश व तपकिरी पृथ्वी यांच्या निर्मितीनंतर त्यांच्यामध्ये मनुष्य निर्माण झाला, आणि मनुष्यांवर बुमिन व इस्तेमी हे पूर्वज राज्य करू लागले असे सांगितले आहे. त्यांनी केलेले काम असे की त्यांनी तुर्क बोदुनाचा एल आणि तोरू धरून ठेवला व नीट रचला. एल आणि तोरू ही जोडी लेखांत इतक्या वेळा येते की एकाशिवाय दुसऱ्याचा विचारच होत नसे असे म्हणता येईल.

तोरू हा राजाने काढलेला हुकूम नव्हे. राजाच्या आज्ञेसाठी लेखांत 'यार्लिग' व त्याच्याशी संबंधित क्रियापद येते. तोरू ही पूर्वजांकडून आलेली असते. पारतंत्र्यात बोदुनाची तोरू सुटली होती, आणि इल्तेरिशने तिला पूर्वजांच्या तोरूप्रमाणे पुन्हा घडी घालून दिली, असे लेख म्हणतो. नव्या राजाने नवा नियम केला अशी फुशारकी येथे नाही. जुना नियम परत बसविला हे श्रेय आहे. काश्गरीने नोंदलेल्या एका म्हणीचा आशय असा की मनुष्याला देश मागे टाकता येतो, तोरू मागे टाकता येत नाही. सत्तेपेक्षा नियम अधिक टिकाऊ मानल्याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

या शब्दाचा उत्तरेतिहासही उद्बोधक आहे. आधुनिक तुर्कीत 'तोरे' म्हणजे रूढी, परंपरागत आचार. तर आधुनिक मंगोलीत त्याच शब्दाचे 'तोर' हे रूप 'राज्यसंस्था' या अर्थाने वापरले जाते. एका बाजूस नियम राज्यापासून तुटून समाजाकडे गेला, दुसऱ्या बाजूस तो राज्याशी एकरूप झाला. जी जोडी प्राचीन लेखांत अविभाज्य होती तिची अशी फाळणी झाली.

४. कुत : लाभणारे आणि सरणारे तेज

कागान राज्यावर बसतो तो कशाच्या बळावर ? बिल्गे कागान आपल्या लेखात कारणे सांगतो ती अशी : तेंग्रीची कृपा झाली म्हणून, आपल्याजवळ कुत होते म्हणून, आणि आपला वाटा (उलुग) होता म्हणून. कुत म्हणजे वरून लाभलेले भाग्य, जीवनशक्ती, तेज. हा गुण केवळ राजाचा नव्हे. सामान्य माणसालाही कुत असू शकते. 'कुत्लुग' म्हणजे कुतयुक्त, भाग्यवान, हे व्यक्तिनाम तुर्कांत सर्रास आढळते. इल्तेरिशचे मूळ नावही तेच होते. पुढे तुर्फान प्रदेशातील उइगुर राजे 'इदिकुत' म्हणजे 'पवित्र कुत' ही पदवी लावीत.

तेंग्रीने इल्तेरिश आणि त्याची राणी एल्बिल्गे खातून या दोघांनाही मस्तकी धरून वर उचलले, असे लेखांत वर्णन आहे. राजपदाच्या दैवी मान्यतेत राणीचा असा समावेश लक्षणीय आहे. तिची तुलना उमाय या मातृदेवतेशी केली आहे. शिवाय या उन्नयनाचा हेतू राजघराण्याचे वैभव हा नसून तुर्क बोदुन नष्ट होऊ नये, हा सांगितला आहे. कुत राजाला मिळते, पण ते कार्यासाठी.

या कार्याचे स्वरूप लेखांत पुन्हा पुन्हा येते : भुकेल्यांना अन्न देणे, उघड्यांना वस्त्र देणे, गरिबांना संपन्न करणे, थोड्यांचे पुष्कळ करणे. हे राजाचे औदार्य नसून त्याची पात्रता आहे. जो हे करू शकत नाही त्याच्याजवळ कुत उरले नाही, असा निष्कर्ष निघण्यास वाट मोकळी राहते.

सत्तेच्या मर्यादेची ही जाणीव राज्यारोहणाच्या विधीतही दिसते. सातव्या शतकात संकलित झालेल्या 'झोउ शू' या चिनी इतिहासग्रंथानुसार नव्या कागानाला नमद्यावर बसवून उचलीत आणि सूर्याच्या दिशेने ९ वेळा फिरवीत. नंतर रेशमी वस्त्राने त्याचा गळा आवळीत आणि तो अर्धवट शुद्धीत असताना किती वर्षे राज्य करशील असे विचारीत. त्या अवस्थेत उच्चारलेल्या शब्दांवरून त्याच्या राज्याची मुदत ठरविली जाई. खझार लोकांत अशाच स्वरूपाचा विधी असल्याचे अरबी भूगोलकार इस्तख्री सांगतो. अधिकार आकाशाकडून येतो, परंतु तो अमर्याद काळासाठी येत नाही, हे राजाच्या देहावरच असे ठसविले जात असे.

५. एल का जातो ?

प्राचीन राजशिलालेख बहुधा विजयाचे असतात. ओर्खोन लेखांचे वैशिष्ट्य हे की त्यांचा गाभा पराभवाची मीमांसा हा आहे. ६३० चा विनाश का घडला याचे उत्तर तेथे अनेक पदरी आहे. पूर्वजांमागून आलेले कागान ज्ञानहीन निघाले. त्यांचे अधिकारीही तसेच. बेग आणि बोदुन यांच्यात मेळ राहिला नाही. चीनच्या मधुर शब्दांना आणि मऊ रेशमाला लोक भुलले. भावाभावांत वैर पेटले. तुर्क बेगांनी आपल्या तुर्की पदव्या टाकून चिनी पदव्या घेतल्या आणि ५० वर्षे परक्या सम्राटाची सेवा केली, हा दोषारोप तर भाषेच्या अभ्यासकाने विशेष टिपण्यासारखा आहे. पदवी बदलणे म्हणजे तोरू बदलणे, आणि तोरू बदलली की एल गेलाच, अशी ही साखळी आहे.

येथे एक विरोधाभास मात्र नजरेआड करता येत नाही. ज्या पदव्यांचा हा अभिमान त्यांतील बऱ्याच मुळात तुर्की नाहीत. 'कागान' ही पदवी तुर्कांपूर्वी ज्वान्ज्वान आणि त्याहीपूर्वी शियानबेई लोकांत होती. 'शाद' बहुधा इराणी मूळाचा आहे. 'याब्गू' ही पदवी तर कुषाण राजा कुजुल कडफिसेस याच्या नाण्यांवरील खरोष्ठी लेखांत 'यवुग' या रूपात, म्हणजे तुर्कांच्या उदयापूर्वी सुमारे पाच शतके, भारताच्या वायव्येस आढळते. पहिल्या कागानपदाचा बुगुत येथील लेख तर सोग्दी भाषेत आहे. त्याच शिलेवरील ब्राह्मी लिपीतील मजकूर मंगोलीशी जवळच्या भाषेत असल्याचे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा परंपरा म्हणजे शुद्ध वंशज वारसा, असा अर्थ येथे लागू पडत नाही. जी संज्ञा स्वतःच्या एलमध्ये रुजली ती आपली, आणि जी परक्या सत्तेने बहाल केली ती परकी, असा भेद लेखकर्त्यांना अभिप्रेत असावा.

दुसरी सावधगिरी लेखांच्या मौनाबाबत. ७१६ मध्ये कापगान कागान मारला गेल्यावर त्याच्या मुलाकडे सत्ता जाणार होती. क्यूल तेगिनाने त्या मुलाचा व त्याच्या पक्षाचा निःपात करून आपला ज्येष्ठ बंधू बिल्गे यास गादीवर बसविले, ही माहिती चिनी साधनांतून मिळते. बिल्गे कागानाचा लेख मात्र राज्यारोहणाचे कारण तेंग्रीची कृपा व स्वतःचे कुत असे देतो. कुत एका व्यक्तीचे नव्हे तर आशिना या संपूर्ण घराण्याचे मानले जात असल्याने कोणत्याही राजपुत्राचा दावा तत्त्वतः वैध ठरे. आणि ज्याचा दावा यशस्वी झाला त्याच्याजवळ कुत होते हे यशानेच सिद्ध होई. विचारव्यवस्थेतील ही पोकळी तुर्की सत्तांना वारंवार यादवीकडे घेऊन गेली. भाऊबंदकीस लेखांत दोष दिला आहे. पण वारसा ठरविण्याचा निश्चित नियम तोरूने दिलेला दिसत नाही.

तोन्युकुकच्या लेखात याच घटनांकडे मंत्र्याच्या बाजूने पाहिले आहे. तेंग्रीने खान दिला होता, लोकांनीच तो सोडला, असे तो म्हणतो. आणि आपण श्रम केले नसते तर एलही राहिला नसता आणि बोदुनही, असे बजावतो. कुतच्या जोडीस 'बिल्गे' म्हणजे शहाणपणाची आवश्यकता येथे मांडली गेली. पुढील ग्रंथात तिला पूर्ण रूप मिळाले.

६. कुतद्गु बिलिग : संज्ञांचे नाट्यरूप

यूसुफच्या काव्यात चार पात्रे संवाद करतात. राजा क्युन्तोग्दी हा तोरूचे, वजीर आयतोल्दी हा कुतचे, त्याचा पुत्र ओग्द्युल्मिश हा बुद्धीचे आणि विरक्त ओद्गुर्मिश हा अंतिम गतीचे प्रतीक आहे. राजा म्हणून कुत नव्हे, तोरू सिंहासनावर बसते. आयतोल्दी म्हणजे 'पूर्ण भरलेला चंद्र' : कुत हे चंद्रासारखे वाढते व क्षीण होते, आणि ते पात्र कथेत लवकरच मृत्यू पावते. क्युन्तोग्दी म्हणजे 'उगवलेला सूर्य' : तोरू सूर्याप्रमाणे घटत नाही. राजा तीन पायांच्या आसनावर बसतो, कारण तीन पायांची वस्तू कलंडत नाही. त्याच्या हाती सुरी आहे, एका बाजूस साखर व दुसऱ्या बाजूस कडू औषध.

राज्याला सैन्य हवे, सैन्याला धन हवे, धनासाठी प्रजा संपन्न हवी आणि प्रजेच्या संपन्नतेसाठी न्याय्य तोरू हवी, ही साखळीही या ग्रंथात आहे. तिचे इराणी राजनीतिग्रंथांशी असलेले साम्य उघड आहे. तथापि हालील इनाल्जिक यांनी १९६६ मधील आपल्या निबंधात दाखविल्याप्रमाणे, इराणी परंपरेत न्याय हा राजाच्या कृपेचा भाग असतो, तर येथे राजा स्वतः तोरूचे मूर्तरूप होऊन तिच्याखाली येतो. परक्या साच्यात जुनी संज्ञा टिकून राहिली, एवढेच नव्हे तर तिने साच्याचा अर्थ बदलला.

काव्याला पुढे जोडलेल्या गद्य प्रस्तावनेत याच प्रतीकांना 'अदल', 'दौलत', 'अक्ल' असे अरबी प्रतिशब्द दिले आहेत. कुतच्या जागी 'दौलत' यावा हे सहज घडलेले नाही. अरबीत या शब्दाच्या मूळाशी फिरणे, पाळी येणे ही कल्पना आहे. त्यातून भाग्य आणि सत्ता हे दोन्ही अर्थ निघाले. आजच्या तुर्कीत 'देव्लेत' म्हणजे राज्यसंस्था. मराठी ऐतिहासिक पत्रांतही 'दौलत' हा शब्द संपत्तीप्रमाणेच राज्य या अर्थाने येतो. 'एल'चा अवशेषही मराठीत आहे : फारसीमार्गे आलेल्या 'एलची' या शब्दात तो कर्तृवाचक प्रत्ययासह जसाच्या तसा उभा आहे.

७. उपसंहार

तुर्की प्रजासत्ताकाच्या उदयकाळात झिया ग्योकाल्प यांच्यासारख्या विचारवंतांनी या संज्ञांत आधुनिक राष्ट्राची बीजे शोधली. त्यांचा 'तुर्क तोरेसी' हा ग्रंथ १९२३ चा आहे. त्या शोधाची ऐतिहासिक निकड समजण्यासारखी आहे. परंतु राष्ट्रराज्याला अभिप्रेत असलेली निश्चित भूमी, एकजिनसी जनता आणि अखंड सार्वभौमत्व यांपैकी काहीही 'एल'मध्ये अनिवार्य नाही. उलट एल हा प्रत्येक पिढीत पुन्हा गोळा करावा लागतो, तोरूशिवाय तो उभा राहत नाही, आणि कुत हे राजाच्या मालकीचे नसून त्याच्याकडे काही काळ राहावयास आलेले असते. बिल्गे कागान ७३४ मध्ये वारला आणि सुमारे दहा वर्षांतच त्याचा एल विसर्जित झाला. शिळेवर कोरलेल्या ताकिदीचा आशय त्या सत्तेलाच लागू पडला. तिच्या नाशानंतरही ज्या संज्ञांनी ती ताकीद दिली त्या टिकल्या, ही गोष्ट काश्गरीच्या म्हणीला दुजोरा देणारीच म्हणावी लागेल.